जुलै-ऑगस्टमध्ये नैरोबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या वर्षी जुलैच्या शेवटी आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, लेक आणि सासूबाई, केनियाला जाऊन आलो. दहा दिवसांतले सहा दिवस खुद्द नैरोबीत काढले आणि बाकीचे मसाई मारा अभयारण्य आणि नैवाशा तलावाला. परत आल्यापासून नातेवाईक, ऑफिसमधले, सोसायटीतले सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. एक गोष्ट आधीच सांगते, बहुतेक टूरवाले नैरोबी म्हणजे फक्त एअरपोर्ट आणि एका रात्रीचं हॉटेल असं धरून चालतात आणि ते मला अजिबात पटत नाही. या दिवसांत हे शहर फिरायला फार सुंदर असतं, फक्त तिथली थंडी कशी असते ते आधी समजून घ्यायला हवं.

आफ्रिकेत, तेही विषुववृत्तावर, आणि थंडी? खरंच स्वेटर लागतो?

लागतो, आणि नुसता हौसेचा नाही, रोज लागतो. नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे हे खरं, पण शहर जवळपास १,७९५ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे नैरोबीतला माणूस घरात बसल्या बसल्या कळसूबाईच्या वर असतो. जुलैमध्ये दुपारी २१-२२ अंश आणि पहाटे ११-१२ अंश, कधी त्याच्याही खाली. शहराचं नावच मुळी तिथल्या मसाई जमातीच्या लोकांच्या 'एन्कारे नैरोबी'वरून आलंय, थंड पाणी असा त्याचा अर्थ.

आता 'थंड कोरडा मोसम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिसेंबरमधलं पुणं येतं, निळं आकाश, कोवळं ऊन वगैरे. नैरोबीचं तसं नाही आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. जून ते ऑगस्ट सकाळी आभाळ करडं, झाकोळलेलं असतं, कधी भुरभुर, आणि दहा-अकरानंतर, काही दिवस तर दुपारी दोनलाच सूर्य दिसतो. कोरडा याचा अर्थ फक्त एवढाच की पाऊस जवळजवळ पडत नाही, अख्ख्या जुलैत मिळून आपल्या एका सरीइतकाही नाही.

याचं कारण मला फार आवडलं म्हणून सांगतेच. या महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरावरून आग्नेयेचे वारे केनियाच्या किनाऱ्यावर येतात, पठार चढता चढता गार होतात आणि त्यांचे ढग बनतात, पण वरच्या थरातली हवा तुलनेनं उबदार असल्यामुळे ढगांना उंच वाढताच येत नाही, म्हणून पाऊस नाही, नुसतं मळभ. आणि याच वाऱ्यांचा मोठा प्रवाह पुढे विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याजवळून उजवीकडे वळतो, अरबी समुद्रावरचं बाष्प उचलतो आणि सह्याद्रीला येऊन धडकतो. म्हणजे आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस! हवामानवाले या प्रवाहाला सोमाली जेट म्हणतात. आपण घरी छत्री घेऊन बाहेर पडतो तेव्हा नैरोबीवाले कोट घालून बाहेर पडतात, आणि दोन्हीच्या मागे वाऱ्यांचं एकच कुटुंब आहे.

मग नक्की कोणत्या महिन्यात जावं?

तिथे पाऊस दोनदा येतो, मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला एप्रिल-मे आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही नेमके पावसात सापडतात, हे तिकीट काढायच्या आधी लक्षात घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात जमीन अजून ओली असते, सगळीकडे हिरवंगार. जुलै सगळ्यात गार आणि सगळ्यात ढगाळ. ऑगस्ट त्याच्यासारखाच पण शेवटी शेवटी उघडायला लागतो. सप्टेंबरमध्ये दुपारी २४-२५ अंश, स्वच्छ ऊन, पहाटे गारवा तसाच.

मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा. मुलांच्या शाळेमुळे आम्हाला जमलं नाही. फोटोची आवड असेल तर तर सप्टेंबरच. जानेवारी-फेब्रुवारी पण कोरडे असतात पण ते गरम कोरडे, तो वेगळाच विषय.

कपडे काय घ्यायचे?

थर थर करून घालता येतील असे. आत टीशर्ट, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. सकाळी तिन्ही अंगावर, दुपारी दोन कमरेला, संध्याकाळी साडेसहाला परत तिन्ही. एकच जाडजूड कोट नेलात तर दिवसभर हातात घेऊन फिरावं लागेल. कानटोपी आणि पायमोजे वयस्कर माणसांसाठी नक्की घ्या, कारण बहुतेक हॉटेलांत आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये हीटर नसतोच, त्यामुळे रात्री बाहेरपेक्षा खोलीत जास्त गारठल्यासारखं वाटतं. आम्ही पहिल्या रात्री रिसेप्शनवरून जास्तीचं ब्लँकेट मागून घेतलं, लगेच दिलं त्यांनी, आणि अंघोळीच्या गरम पाण्याचं कसं आहे तेही चेक इन करतानाच विचारून ठेवलं.

कपडे धुऊन वाळवायचा विचार असेल तर जुलैत एका दिवसात वाळत नाहीत, जीन्स तर तीन तीन दिवस दमट राहते. दोन जोड जास्तच घ्या. आणि लष्करी ठिपक्याठिपक्यांच्या डिझाइनचं काहीही नेऊ नका, टोपीसुद्धा नको. केनियात सामान्य माणसाला ते घालायला बंदी आहे.

ढगाळच असतं तर सनस्क्रीन कशाला?

कारण विषुववृत्तावरचा सूर्य आणि वर एवढी उंची. ढगांतूनही त्वचा भाजते, गारव्यामुळे कळत नाही एवढंच. माझ्या लेकीचं नाक दुसऱ्याच दिवशी सोलवटलं होतं.

उंचीचा त्रास होतो का? सासूबाईंना न्यावं का?

लडाखसारखा त्रास नाही होत, तेवढी उंचीच नाही. पण पहिले एक-दोन दिवस जिना चढताना दम लागतो, झोप थोडी उथळ लागते, तहान जास्त लागते. पहिला दिवस मोकळा ठेवा, पाणी पीत राहा. आमच्या सासूबाईंना बीपी आहे, डॉक्टरांना विचारून गेलो, काही झालं नाही. दमा किंवा हृदयाचं काही असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका, कारण गार हवा आणि गाड्यांचा धूर दोन्ही एकदम असतात.

फ्लॅट घेऊन स्वयंपाक करणार असाल तर एक छोटीशी गोष्ट, त्या उंचीवर पाणी साधारण ९४ अंशालाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात आणि डाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो. आम्ही छोटा कुकर नेला होता आणि तो फार कामाला आला.

व्हिसा लागतो का? आणि ती पिवळ्या तापाची लस?

केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून त्याऐवजी ईटीए सुरू केलंय, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी. भारतीयांनाही ती लागते, लहान मुलांचीसुद्धा वेगळी काढावी लागते. अर्ज घरी बसून होतो, पासपोर्ट, फोटो, तिकीट, राहण्याचं बुकिंग असं सगळं अपलोड करायचं, किमान आठवडाभर आधी करा म्हणजे जीव टांगणीला लागत नाही. फक्त सरकारी साइटवरूनच करा, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओ डॉट केई आहे ना ते नीट बघा. सर्चमध्ये सगळ्यात वर भलत्याच एजंटांच्या साइट येतात, हुबेहूब सरकारी दिसतात. माझ्या नणंदेनं अशाच एका साइटवर जवळपास तिप्पट पैसे भरले आणि परवानगी शेवटी परत वेगळी काढावी लागली.

आता लस. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच विसरतात. पिवळ्या तापाचं कार्ड मुख्यतः परत येताना लागतं, केनियाहून भारतात उतरल्यावर मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी आणि ती फक्त सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून तिकीट काढल्या काढल्या पहिलं हेच काम करा. एकदा घेतली की आता जन्मभर चालते, पूर्वी दहा वर्षांनी परत घ्यावी लागायची. साठीच्या पुढच्या माणसांना, अंड्याची तीव्र अॅलर्जी असणाऱ्यांना, गरोदर बायकांना आणि अगदी लहान बाळांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, तेव्हा सासूबाईंच्या बाबतीत आम्ही दोन महिने आधीच दाखवून आलो.

मलेरियाची गोळी घ्यायची का?

नैरोबी शहरात उंची आणि गारव्यामुळे धोका कमी असतो, पण मसाई मारा किंवा मोंबासाकडे जाणार असाल तर प्रश्न वेगळा आहे. कुठे कुठे जाणार ती यादी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तसं करा. लांब बाह्या आणि डास पळवणारं क्रीम मात्र सगळ्यांनीच.

नैरोबीत नेमकं बघायचं काय?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो.

पहिलं म्हणजे नैरोबी नॅशनल पार्क. १९४६ साली सुरू झालेलं, केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, साधारण ११७ चौरस किलोमीटर, आणि शहराला अगदी चिकटून. गेंडा चरतोय आणि त्याच्या मागे गगनचुंबी इमारती असा फोटो बघितला असेल ना, तो इथलाच. सिंह, काळे गेंडे, जिराफ, रानम्हशी, झेब्रे, शहामृग सगळं आहे, फक्त मोकळे हत्ती नाहीत. आणि कोरडा मोसम इथे खरा कामाला येतो: उद्यानाची दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे, पावसाळ्यात जनावरं त्या बाजूनं बाहेर मैदानांवर पसरतात आणि कोरड्या दिवसांत पाण्यासाठी आत परत येतात, शिवाय गवतही वाळून बसलेलं असतं, त्यामुळे प्राणी जास्त दिसतात. सकाळी सहाला गेट उघडतं, सहालाच हजर राहा. तिकीट ऑनलाइन काढावं लागतं, गेटवर रोख घेत नाहीत, आणि दर बदलत असतात म्हणून निघायच्या आधी केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या. आत एक जागा आहे जिथे १९८९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत जाळून टाकला होता, चोरट्या शिकारीविरुद्ध. राखेचा ढीग अजून ठेवलाय. तिथे उभं राहिल्यावर माझ्या लेकीनं विचारलं, एवढ्या दातांसाठी किती हत्ती मारले असतील, आणि मग कुणीच बराच वेळ काही बोललं नाही.

दुसरं, अनाथ हत्तींच्या पिल्लांचं घर, शेल्ड्रिक ट्रस्टचं. ही संस्था १९७७ पासून काम करते. लोकांना सकाळी ११ ते १२ असा एकच तास बघता येतं आणि बुकिंग आधी करावं लागतं, या सीझनला आठवडे आठवडे आधी भरतं. पिल्लांना मोठ्या मोठ्या बाटल्यांनी दूध पाजतात, रात्री त्यांचे सांभाळणारे त्यांच्याच गोठ्यात झोपतात, कारण पिल्लू एकटं राहिलं की खचतं. आणि थंडीच्या सकाळी सगळ्यात लहान पिल्लांच्या पाठीवर ब्लँकेट बांधलेली असतात, आपण बाळाला दुपट्यात गुंडाळतो तशी. सासूबाई डोळे पुसत होत्या. मला वाटतं जुलैत जाण्याचं हे एकच कारणसुद्धा पुरेसं आहे.

तिथून जवळच लंगाटा भागात जिराफ सेंटर आहे, उंच माचावर उभं राहून जिराफाला हातानं खाऊ घालता येतो. मुलांना फार आवडतं. अर्धा-पाऊण तास पुरे.

मग करुरा जंगल. शहराच्या आत जवळपास हजार हेक्टरचं जंगल, धबधबा, गुहा, बांबू, माकडं, सायकली भाड्यानं मिळतात. १९९०च्या दशकाच्या शेवटी हे जंगल बिल्डरांच्या घशात जाणार होतं, वांगारी मथाई आणि त्यांच्या सोबतच्या बायका रोपं घेऊन तिथे गेल्या, मार खाल्ला, डोकी फुटली, पण जंगल वाचलं. २००४ मध्ये वांगारींना शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन महिला. सकाळच्या धुक्यात त्या वाटांवरून चालताना, आपल्याकडे झाडांसाठी भांडणाऱ्या लोकांची आठवण येतेच.

रेल्वे म्युझियम लोक सोडून देतात, आपण सोडू नये. मोंबासाहून सुरू झालेली रेल्वे १८९९ मध्ये इथे पोहोचली आणि दलदलीतल्या या सामानाच्या ठाण्याचंच पुढे शहर झालं. ती रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार मजूर आपल्या हिंदुस्थानातून नेले होते आणि त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मरण पावले. म्युझियममध्ये तो डबा पण आहे ज्यातून १९०० साली सिंहानं रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं होतं. शहरातली जीवनजी गार्डन्स हीसुद्धा कराचीहून आलेल्या ए. एम. जीवनजी या व्यापाऱ्यानं लोकांसाठी दिलेली बाग.

नॅशनल म्युझियममध्ये तुर्काना बॉयसाठी जा, १९८४ मध्ये सापडलेला सुमारे १५-१६ लाख वर्षांपूर्वीच्या आदिमानवाच्या मुलाचा सांगाडा. सकाळ अगदीच झाकोळलेली असेल तर म्युझियम सकाळी आणि जंगल दुपारी असा बदल करा. केआयसीसी या उंच कन्व्हेन्शन सेंटरच्या टॉवरची गच्ची मात्र स्वच्छ दुपारीच, ढगात काही दिसत नाही.

किलिमांजारो किंवा माउंट केनिया दिसतं का शहरातून?

अगदी स्वच्छ पहाटे दोन्ही दिसू शकतात. या मोसमात आशा ठेवू नका, ढग.

शहरात फिरायचं कसं?

अॅपवरची टॅक्सी. उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात. ट्रॅफिक भयंकर आहे, सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते आठ, आणि शुक्रवारी तर विचारूच नका. एअरपोर्टहून वेस्टलँड्स भागात जायचं असेल तर २०२२ मध्ये झालेला टोलचा एक्सप्रेसवे आहे, त्यावरून जायला ड्रायव्हरला सांगा, टोल तुम्ही द्या, तासभर वाचतो. मटाटू म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबस, रंगीबेरंगी, आत मोठ्ठं म्युझिक, एकदा कुणा ओळखीच्या माणसाबरोबर बसून बघा. हॉटेल निवडताना पार्क आणि हत्तींसाठी कॅरेन-लंगाटा बाजू बरी, खाण्यापिण्याला वेस्टलँड्स-पार्कलँड्स. कॅरेनकडे गारवा एक-दोन अंश जास्तच असतो.

वेळ ठरवताना एक गंमत कायम लक्षात ठेवा. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळी सात वाजले की 'सा मोजा', एक वाजला. विषुववृत्तावर बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आसपासच उगवतो आणि मावळतो, त्यामुळे ही पद्धत तिथे बरोबर बसते. इंग्रजीत बोलताना बहुतेक जण आपल्यासारखंच घड्याळ सांगतात, पण स्वाहिलीतून वेळ ठरली तर सकाळची की संध्याकाळची आणि घड्याळात किती, हे परत विचारा. आणि केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, घरी फोन करताना ध्यानात ठेवा.

सुरक्षित आहे का? खरं खरं सांग.

खरं सांगायचं तर मोठ्या शहरात घ्यावी ती काळजी, आणि थोडी जास्त. गर्दीच्या मध्यवर्ती भागात मोबाइल हातात धरून चालू नका, टॅक्सीच्या खिडकीशी फोन धरू नका, दागिने घरीच ठेवा, मंगळसूत्रसुद्धा मी साधं काळ्या मण्यांचं घातलं होतं. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, दोन गल्ल्या असल्या तरी टॅक्सी. अंधार साडेसहानंतर लगेचच पडतो, आपल्याकडच्या जुलैसारखं साडेसातपर्यंत उजेड धरून बसू नका.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी जूनच्या शेवटी शहरात मोठी निदर्शनं झाली, रस्ते बंद, अश्रुधूर. त्या दिवसांत जाणार असाल तर रोज सकाळी बातम्या बघा आणि हॉटेलवाल्यांना विचारूनच बाहेर पडा. सरकारी इमारती, पोलीस, सैनिक यांचे फोटो काढू नका. एवढं सांभाळलंत की लोक इतके प्रेमळ आहेत की विचारू नका, सासूबाईंना प्रत्येक जण 'मामा' म्हणायचा, तिकडे आईला मामा म्हणतात, आणि हात धरून पायऱ्या चढवायचा.

पैशांचं काय? एम-पेसा एम-पेसा म्हणतात ते काय असतं?

चलन केनियन शिलिंग, आम्ही गेलो तेव्हा साधारण दीड शिलिंगला एक रुपया पडत होता. एम-पेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे, २००७ पासून आहे, म्हणजे आपल्या यूपीआयच्या किती तरी आधी! कणीसवाल्यापासून मोठ्या दुकानापर्यंत सगळीकडे चालतं. एअरपोर्टवर पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्यावरच एम-पेसा सुरू करून घ्या. हॉटेलात कार्ड चालतं. डॉलर नेणार असाल तर नव्या कोऱ्या नोटाच न्या, जुन्या किंवा फाटक्या नाकारतात.

शाकाहारी माणसाचं कसं?

उत्तम! पार्कलँड्स भागात गुजराती वस्ती जुनी आहे, थाळी, फरसाण, पाव सगळं मिळतं, डायमंड प्लाझाला एकदा जाऊन बसा. २०१७ मध्ये केनिया सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, इतके ते तिथलेच झालेत. चपाती, समोसा, भजी हे तर आता सगळ्याच केनियन लोकांचं खाणं आहे.

पण फक्त आपलंच खाऊन येऊ नका. गिथेरी म्हणजे मका आणि घेवड्याची उसळ, पूर्ण शाकाहारी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिच्याबरोबर सुकुमा विकी, ही आपल्या पालेभाजीसारखी परतलेली हिरवी भाजी, नावाचा अर्थ आठवडा पुढे ढकलणारी, कारण महिनाअखेरीला तीच परवडते. भाजी मटणाच्या रश्श्यात तर नाही ना केली, हे विचारून घ्या. आणि रस्त्याच्या कडेला कोळशावर भाजलेलं कणीस, त्यावर तिखट आणि लिंबू! जुलैच्या गारठ्यात ते हातात आलं तेव्हा आम्हाला पावसाळ्यातला सिंहगड आठवला. संध्याकाळी कॅफेत 'दावा' मागा, स्वाहिलीत त्याचा अर्थच औषध, गरम पाण्यात आलं, लिंबू आणि मध. घशाला लगेच बरं वाटतं. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

स्वाहिली येत नाही, अडतं का?

नाही, इंग्रजी सगळीकडे चालतं. पण थोडं कान देऊन ऐका, कारण हिंदी महासागराच्या व्यापारामुळे कित्येक शब्द ओळखीचे निघतात: गाडीला गारी, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, लाखाला लाकी, विम्याला बिमा आणि आंब्याला एम्बे. आम्ही टॅक्सीत लेकीला हाच खेळ लावून दिला होता, ड्रायव्हर शब्द सांगायचा आणि तिनं अर्थ ओळखायचा. 'हबारी' म्हणजे काय खबर, कसे आहात, 'असांते' म्हणजे धन्यवाद, 'बारिदी' म्हणजे थंडी. "बारिदी साना", फार थंडी आहे, एवढं म्हटलं तरी समोरचा खुलून बोलायला लागतो.

प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्या नाहीत म्हणे?

बरोबर ऐकलंय. ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर कडक बंदी आहे. बॅगेत चपला, ओले कपडे गुंडाळायला आपण ज्या पिशव्या टाकतो त्या घरीच काढून ठेवा, कापडी वापरा. आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, स्टीलची बाटली प्रत्येकाला एक. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो, अॅडॉप्टर इथूनच घ्या.

एक दिवस बाहेर जायचं तर कुठे?

लिमुरूला चहाचे मळे, केनियातला चहा १९०३ मध्ये तिथेच पहिल्यांदा लावला. २,२०० मीटरच्या आसपास उंची, धुकं, मुन्नारची आठवण येते, पण जुलैत कडाक्याची थंडी, जॅकेटशिवाय नको. त्याच बाजूला पुढे ग्रेट रिफ्ट व्हॅलीचा कडा येतो, खाली जमीन अक्षरशः खचलेली दिसते, फक्त सकाळी धुक्यात काहीच दिसत नाही म्हणून जाताना घाई करू नका, दुपारी परतताना थांबा. घाटात माई माहियूजवळ इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये बांधलेलं पिटुकलं चर्च आहे, दोन मिनिटं उतरून बघा.

नैवाशा तलाव ९० किलोमीटरवर, खाली उतरलं की हवा उबदार, बोटीतून पाणघोडे दिसतात. जवळच हेल्स गेट, तिथे झेब्रे आणि जिराफांच्या मधून सायकल चालवता येते. आमच्या पूर्ण ट्रिपमधला नवऱ्याचा सगळ्यात आवडता दिवस तो.

मसाई मारा करायचंच आहे, मग नैरोबीला किती दिवस देऊ?

मारा कराच, जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, लाखोंचे कळप तिथे असतात, रस्त्यानं पाच-सहा तास, विल्सन एअरपोर्टवरून छोट्या विमानानं पाऊण तास. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये नैरोबीपेक्षाही जास्त गारठा लागतो, हातमोजे न्या.

नैरोबीला किमान तीन पूर्ण दिवस, आणि ते सगळे सुरुवातीला नकोत. एक मारावरून परत आल्यावर ठेवा, म्हणजे रस्त्यात उशीर झाला तरी परतीचं विमान चुकत नाही. आणि त्या शेवटच्या दिवशी सामान हॉटेलवर ठेवून पहाटे सहाला परत नॅशनल पार्कच्या गेटवर जा. आम्ही तेच केलं होतं, काचा धुक्यानं भरलेल्या, थर्मासमधला चहा, अर्धा तास काहीच दिसलं नाही आणि मग धुकं जरा विरळ झालं तर गाडीपासून वीस पावलांवर एक काळ्या गेंड्याची मादी आणि तिचं पिल्लू, दोघांच्या नाकातून वाफ येत होती.